तेविसावा पलंग

पत्र थोडक्यात असं: वाचक ताईंचं वय ५८, यजमानांचं ६३. यजमान निवृत्त झाल्यावर दोघांनी राहतं घर अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं दिलं आणि १ मार्चला लिस्बनला उतरले. पासपोर्ट भारतीय, शेंगेनचा (म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) दोन वर्षांचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा. सेव्हिल, ग्रॅनडा, प्रोव्हान्स, मग इटली वरपासून खालपर्यंत. ८८ दिवस भरले तेव्हा, २७ मेला, बारी बंदरातून रात्रीच्या बोटीनं अल्बानियातल्या दुर्रेसला. तिथे तीन आठवडे, आणि आता जूनअखेरीला माँटेनेग्रो. पुढे तुर्कस्तान, ग्रीस, पुन्हा स्पेन, असं यजमानांच्या एक्सेलमध्ये जानेवारीअखेरपर्यंत मांडून तयार आहे. ताई लिहितात: "आज कोटोरमध्ये तेविसाव्या पलंगावर झोपणार. काल बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मैत्रिणी म्हणतात, नशीब काढलंस. ह्यांनी ३६ वर्षं नोकरी केली, हे त्यांचं एकुलतं एक स्वप्न, ते मी मोडायचं का? लग्नाला ३३ वर्षं झाली, इतकी भांडणं कधी झाली नव्हती, आणि तीही मोज्यांवरून! ग्रॅनडात मला अजून आठ दिवस राहायचं होतं, पण पुढचं बुकिंग झालेलं होतं. आता दोनच मार्ग दिसतात. दात-ओठ खाऊन उरलेले सात महिने काढायचे, नाहीतर एकटीनं लेकीकडे परतायचं. मी कृतघ्न आहे का?"

प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे तो वाटेतून बाजूला होईल. नाही. तुम्ही दमला आहात. चार महिन्यांत तेवीस पलंग, म्हणजे साधारण पाच दिवसांना एक. त्यातला पहिला दिवस गीझरचं बटण शोधण्यात जातो आणि शेवटचा बॅगा भरण्यात. राहिले तीन. त्या तिनांत एक किल्ला, दोन चर्च, एक संग्रहालय आणि वॉशिंग मशीनचा एक घाणा. हे सलग तेवीस वेळा केलं तर पंचविशीतला मुलगाही बाथरूममध्ये जाऊन रडेल.

आता मोज्यांकडे येते. तुम्ही 'तीही मोज्यांवरून' असं लिहिलंत, जणू ते भांडण फुटकळ होतं. मला ते तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं.

सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडातल्या बड्या घरांतली तरुण मुलं 'ग्रँड टूर'ला निघत. पॅरिस, मग आल्प्स ओलांडून इटली, हिवाळा रोममध्ये नाहीतर नेपल्समध्ये. वर्ष-दोन वर्षं सहज जात. मुलाबरोबर एक शिक्षक असे, त्याला लोक चेष्टेनं 'बेअर-लीडर' म्हणत, म्हणजे आपला अस्वल घेऊन फिरणारा दरवेशी. आणि सामान बांधायला, कपड्यांचं बघायला नोकर असत. युरोपभर फिरत राहण्याचं जे चित्र आपण मनात धरून निघतो, ते त्या अस्वलाच्या डोळ्यांतून काढलेलं आहे. त्यात मोजे धुणारं कुणी दिसत नाही, कारण अस्वलानं तिकडे कधी पाहिलंच नव्हतं.

तुमचे यजमान नोकरीतून निवृत्त झाले. तुम्ही कशातून झालात? पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात: दर घरी नवी शेगडी, धार नसलेली सुरी, इंडक्शनवर न चालणारं भांडं, निघताना टाकून द्यावी लागणारी अर्धी तेलाची बाटली, आणि दोघांच्या गोळ्यांचे डबे. म्हणजे घर तुम्ही मागे ठेवलंच नाही. ते पाठीवर घेऊन फिरताय आणि दर पाच दिवसांनी नव्यानं मांडताय. त्यांच्यासाठी ही रजा आहे. तुमच्यासाठी तीच नोकरी आहे, फक्त ऑफिस रोज बदलतं.

मात्र न्याय एकाच बाजूनं करून चालणार नाही. यजमान एक काम करत असणार, जे तुम्हाला दिसत नसावं. शेंगेनचा नियम असा: कुठल्याही दिवशी मागे वळून १८० दिवस मोजायचे, त्यात तुमचा मुक्काम ९० दिवसांपेक्षा जास्त भरता कामा नये. आत शिरल्याचा दिवस धरायचा, बाहेर पडल्याचाही धरायचा. व्हिसा दोन वर्षांचा असो की पाच वर्षांचा, ही मोजणी सुटत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरच्या शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं आली, त्यामुळे 'शिक्का पुसट होता' ही सबब आता कुणी ऐकत नाही. तुम्ही नव्वदाव्या दिवशी न निघता अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी निघालात. ते दोन दिवस कुणीतरी मुद्दाम हाताशी ठेवले, कारण इटलीत संप, ज्याला ते 'शोपेरो' म्हणतात, बोटीलाही लागू शकतो आणि रेल्वेलाही. रात्री तुम्ही झोपल्यावर हा माणूस दिवस मोजत बसलेला असणार. त्यालाही कुणी 'दमलास का' असं विचारलेलं नसेल.

आणि इथेच मला तुमचं एक गृहीत हलवून बघायचंय. तुम्ही लिहिता, 'पुढचं बुकिंग झालेलं होतं', 'एक्सेलमध्ये आहे', 'दिवस संपत आले होते'. वाचताना वाटतं, हे सगळं कुठल्या तरी कायद्यानं ठरवून दिलंय. तर कायदा काय म्हणतो ते बघू. १ मार्चला आत गेलात, २७ मेला बाहेर पडलात. मार्चमधले वापरलेले दिवस २८ ऑगस्टपासून रोज एक असे मोजणीतून गळायला लागतात. म्हणजे ऑगस्ट सरताना तुम्ही ग्रीसमध्ये शिरलात तर पुन्हा जवळजवळ ९० दिवस सलग राहू शकता. नियमाच्या दृष्टीनं तारखा दोनच, मेअखेर आणि ऑगस्टअखेर. मधल्या तीन महिन्यांत तुम्ही शेंगेनच्या बाहेर असावं एवढंच त्याचं म्हणणं. बाहेर राहून दर पाच दिवसांनी पळावं असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. ती पळापळ एक्सेलची आहे.

मग एक्सेल इतकं भरगच्च का? यजमानांना मी ओळखत नाही, तरी अंदाज बांधते, चुकला तर सोडून द्या. छत्तीस वर्षं ज्याला सोमवारी काय करायचं हे आधीपासून माहीत होतं, त्याला रिकामा सोमवार पाहून धडकी भरते. मग तो प्रवासाचंच ऑफिस करतो. डेडलाइन, टार्गेट, झालेल्या ओळी हिरव्या. माझ्या घरी हेच झालं होतं, फक्त आमच्याकडे एक्सेल नव्हतं, वही होती. तेव्हा 'मी थांबले तर त्यांचं स्वप्न मोडेल' हे इतक्या खात्रीनं धरू नका. थांबायला कुणीतरी सांगावं म्हणून ते वाट बघत असतील, असंही होऊ शकतं. तसं नसेलही. पण विचारल्याशिवाय कसं कळणार?

आमची वही लुक्कामध्ये बंद पडली. टस्कनीतलं गाव, भोवती रुंद तट, तटावर झाडं, आणि पूर्ण फेरी चार किलोमीटरहून थोडी जास्त. तिथे चौथ्या दिवशी आमचं इतकं वाजलं (विषय लिहीत नाही, मोज्यांपेक्षाही लहान होता) की मी तावातावानं तटावर चढले आणि डावीकडे चालू लागले. नवरा उजवीकडे गेला. गोल तटावर दोघं विरुद्ध दिशांना निघाली तर जे व्हायचं तेच झालं, अर्ध्या वाटेवर समोरासमोर आलो. त्यानं ओळख नसल्यासारखी मान झुकवली, मीही झुकवली, आणि दोघं आपापल्या दिशेनं पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तसंच केलं, भांडण नसताना. चार दिवसांचे पाच आठवडे झाले. तिसऱ्या आठवड्यात भाजीवाल्यानं न मागता पिशवीत अजमोद्याची जुडी, एक गाजर आणि सेलरीचा दांडा टाकला. त्याला ते लोक 'ओदोरी' म्हणतात, सूपात घालायला फुकट देतात, आपल्याकडे वर कोथिंबीर टाकतात तसं. पण ते सहसा ओळखीच्या गिऱ्हाइकाला. त्या दिवशी मला इटलीत आल्यासारखं वाटलं. फ्लॉरेन्सच्या रांगेत तीन तास उभं राहून वाटलं नव्हतं.

म्हणून माझा सल्ला तिसरा आहे. सात महिने सोसू नका, आणि आजच परतीचं तिकीटही काढू नका. सहा आठवडे एका जागी थांबा. मग ठरवा.

कुठे, ते तुमच्या दिवसांवर अवलंबून. वापरलेल्या मल्टिपल एन्ट्री शेंगेन व्हिसावर अल्बानिया ९० दिवसांपर्यंत राहू देतो, त्यातले तुमचे एकवीसच गेलेत. माँटेनेग्रो ३० दिवस देतो, तुर्कस्तानचा ई-व्हिसाही ३० दिवसांचा. (हे देश आपापल्या मर्जीनं नियम बदलतात, निघायच्या आठवड्यात त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघून घ्या. बाकीच्या वाचकांसाठी: क्रोएशिया जानेवारी २०२३ मध्ये आणि बल्गेरिया, रुमानिया जानेवारी २०२५ मध्ये पूर्णपणे शेंगेनमध्ये आले. 'नव्वद दिवस संपले की क्रोएशियात जाऊन बसा' हा जुना सल्ला अजून कुणी देत असेल तर ऐकू नका.) जुलै-ऑगस्टमध्ये कोटोर नको. खाडीत अवाढव्य क्रूझ जहाजं येतात, दगड तापतो, आणि वरच्या किल्ल्यापर्यंत १,३५० पायऱ्या आहेत, ज्या यजमानांच्या यादीत असणारच. त्यापेक्षा अल्बानियातलं कोर्चा बघा. समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटर उंचीवर, संध्याकाळी हवा उतरते, गावात बाजार आहे, आणि लोक तिथे राहतात, नुसते येऊन जात नाहीत. ग्रीसची सीमा तिथून तासाभरावर, म्हणजे ऑगस्टअखेरचा प्रश्नही सुटला. डोंगर आवडत असतील तर माँटेनेग्रोतलं झाब्ल्याक त्याहून थंड, पण तिथे तुमचे दिवस कमी उरलेत.

घर बघताना फोटोतल्या बाल्कनीला भुलू नका. तटाच्या आतलं जुनं घर दोन रात्री सुंदर असतं. तिसऱ्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन दगडी जिना चढताना ते कळतं. मी चारच गोष्टी विचारते. जिने किती, कपडे वाळत घालायला जागा कुठे, हिवाळा असेल तर खोली गरम कशानं होते आणि विजेचं बिल कुणाचं (भूमध्य समुद्राकाठी थंडी पडत नाही असं आपण समजतो, आणि डिसेंबरात सिसिलीतल्या फरशीवर अनवाणी पाय टाकला की कळतं काय ते), आणि चौथी, दुसऱ्या खोलीला दार आहे का. पडदा नको, कमान नको. लागणारं दार हवं. तेहतीस वर्षांत तुम्ही दोघं रोज चोवीस तास एकमेकांच्या समोर कधी होतात? ते ऑफिसला जात होते. तुमच्या संसारात रोज दहा तासांची मोकळी हवा होती, ती मार्चमध्ये अचानक बंद झाली. प्रेम कमी झालंय की काय अशी शंका तुमच्या पत्रात दोन ओळींमधून डोकावते. मला ती दाराची कमतरता वाटते.

महिनाभराचं घर घेतलं की भाडंही उतरतं, बरेच मालक महिन्याला वेगळा दर देतात. तो वाचलेला पैसा दोन गोष्टींवर घाला. आठवड्यातून तीनदा बाहेर जेवण, आणि कपडे लाँड्रीत. यावर वाद घालायचा नाही. प्रवासाच्या बजेटमध्ये बोटीचं तिकीट जसं असतं तसं हेही. उरलेली कामं वाटून घ्या, पण 'मदत करा' असं म्हणू नका. मदत म्हटलं की काम तुमचंच राहतं. 'मोजे तुमचे आणि माझे, दोन्ही तुमच्याकडे, तिकिटं माझ्याकडे' असं सांगा.

तिकिटांचं मी गमतीनं लिहीत नाहीये. पत्रात एक गोष्ट मला खटकली: पुढच्या घराचा पत्ता तुम्हाला बहुतेक वेळा पोचल्यावर कळतो. बुकिंग त्यांच्या फोनवर, नकाशा त्यांच्या फोनवर, तुमच्या फोनला बाहेर पडलं की इंटरनेट नाही. म्हणजे अस्वल कोण आणि दरवेशी कोण, ते उघडच आहे. तुमचं स्वतःचं सिम घ्या (युरोपियन युनियनमधल्या देशात घेतलेल्या सिमचं मोफत रोमिंग अल्बानियात चालेल असं गृहीत धरू नका), स्वतःचं कार्ड वेगळ्या पाकिटात ठेवा, पासपोर्ट-व्हिसा-विम्याच्या प्रती तुमच्याही फोनमध्ये असू द्या. हे रुसव्यासाठी नाही. उद्या त्यांचा फोन समुद्रात पडला तर दोघांपैकी एकाला तरी रात्री कुठे जायचं ते माहीत हवं. आणि कोर्चाचं घर तुम्हीच शोधा. चुकलं तर चुकलं, त्यांचीही तेविसांपैकी चार-पाच चुकली असतीलच.

रडण्याबद्दल थोडं. ते रोजचं झालं असेल, झोप उडाली असेल, ग्रॅनडासारख्या आवडत्या जागेच्या आठवणीनंही काही वाटेनासं झालं असेल, तर घरच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोला, थांबू नका. व्हिसासाठी काढावा लागतो तो किमान ३० हजार युरोंचा विमा तातडीच्या दुखण्याला असतो. मनाच्या थकव्याचा किंवा नेहमीच्या तपासण्यांचा खर्च त्यात बहुधा बसत नाही, तेव्हा तो वेगळा धरा. गोळ्यांची नावं ब्रँडनं न लिहिता मूळ औषधाच्या नावानं लिहून ठेवा. हिरव्या क्रॉसच्या दुकानात त्यानंच काम होतं.

आता हे यजमानांना कसं सांगायचं. बॅगा भरायच्या दिवशी नाही. रात्री नाही. सकाळी कॉफी झाल्यावर, बाहेर बसून. 'मला कंटाळा आलाय' असं म्हणाल तर ते तुमची समजूत काढायला लागतील, चांगले नवरे तेच करतात आणि विषय तिथेच मरतो. त्याऐवजी त्यांना तेवीस हा आकडा सांगा. मग एक्सेल उघडायला लावा आणि एकच विचारा, 'यातल्या कुठल्या तीन जागा न बघता परत गेलात तर तुम्हाला कायमची रुखरुख राहील?' तीनच. ते इस्तंबूल म्हणतील, कदाचित क्रीट, आणखी एखादी. त्या तीन तुम्ही मनापासून करा, जिने चढून करा. एक जागा तुमची. बाकीच्या ओळींना त्यांनाच कात्री लावू द्या, तुम्ही लावू नका.

एखाद्या जागी त्यांना एकट्यानं जायचं असेल तर जाऊ द्या. सहा आठवड्यांत चार दिवस ते तिराना किंवा ओह्रिडच्या तळ्याकडे गेले आणि तुम्ही कोर्चात राहिलात तर संसाराला काही होत नाही. आपल्याकडे जोडप्यानं फिरायला जायचं म्हणजे सगळ्या फोटोंत दोघं हवीत असा एक दंडक आहे. तो कुणी केला कोण जाणे, फोटो काढणारा तिसरा माणूस कुठून आणायचा याचा विचार त्यानं केलेला नसावा.

आणि सहा आठवडे थांबूनही परत जावंसं वाटलं तर? जा. व्हिसा मल्टिपल एन्ट्री आहे. तीन आठवडे लेकीकडे राहून सप्टेंबरात अथेन्सला पुन्हा भेटता येतं. पुन्हा नाहीच यावंसं वाटलं तर तेही बोलता येईल. पण तो निर्णय लेकीच्या घरी आरामात बसून घेतलेला किंवा कोर्चाच्या अंगणात बसून घेतलेला असावा. कोटोरच्या बाथरूममध्ये, नळ चालू ठेवून, अर्धी बॅग भरलेली असताना घेतलेला नसावा.

शेवटी ग्रॅनडा. तुमच्या अख्ख्या पत्रात 'मला हवं होतं' असं एकाच ठिकाणी आलंय, आणि ते ग्रॅनडाबद्दल. शरद ऋतूतले ९० दिवस पुन्हा उघडतील, तेव्हा ऑक्टोबरातले किंवा नोव्हेंबरातले आठ दिवस तिथे धरून ठेवा. शहर सातशे मीटरहून उंच आहे, वर सिएरा नेवाडाचा बर्फ, त्यामुळे खोली गरम कशानं होते तो प्रश्न विसरू नका. अलहम्बराची, म्हणजे तिथल्या जुन्या किल्ल्या-राजवाड्याची, तिकिटं नावानिशी निघतात, पासपोर्ट नंबर लागतो आणि आतल्या नासरी राजवाड्यात शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती आधीच काढावी लागतात. ती तुम्ही काढा. सकाळची वेळ घ्यायची की दुपारची, हे यजमानांना विचारू नका. काढून झाल्यावर त्यांच्या एक्सेलमध्ये भरायला फक्त वेळ सांगा.